मैदानाचा आवाज : कै. बॉबी तल्यारखान

खेळाडूंची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात व ती आवडीने वाचलीही जातात. ज्याने शतक काढले, ज्याने अखेरच्या क्षणी गोल मारला, ज्याने दुखऱ्या पायाने धावून संघाची लाज राखली, त्याचे नाव मुलांच्या तोंडी असते, आणि ते योग्यच होय. परंतु त्या पराक्रमाची वार्ता ज्याच्या मुखाने हजारो घरांत पोहोचली, त्या माणसाची आठवण क्वचितच कोणी ठेवितो. टपालवाल्याने आणिलेले पत्र आपण जपून ठेवितो. टपालवाल्याचे नाव मात्र विचारीत नाही. तसाच हा प्रकार आहे.

आमच्या दिघीच्या पंचक्रोशीतील मुलांस फुटबॉलचे वेड किती आहे हे पालकांस सांगावयास नको. शाळेचे मैदान रिकामे झाले की ती घरी जातात व दूरचित्रवाणीसमोर बसून परदेशांतील सामने पाहतात. त्या सामन्यांत एक जण खेळाचे धावते वर्णन करितो, दुसरा खेळातील डावपेच उलगडून दाखवितो, आणि कित्येकदा तिसरा एक बातमीदार मैदानाच्या कडेला उभा राहून तेथील वार्ता पुरवितो. चेंडू डोळ्यांसमोर दिसत असता या बोलणाऱ्यांची गरज ती काय, असा प्रश्न आमच्या वर्गांतून वारंवार निघतो. या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ज्या काळी चित्र मुळीच दिसत नव्हते व सारा सामना केवळ एका मनुष्याच्या आवाजावर उभा होता, त्या काळाकडे गेले पाहिजे. म्हणून यंदाच्या अंकात मुंबईचे सुप्रसिद्ध समालोचक कै. अर्देशर फर्दुनजी सोराबजी तल्यारखान, ज्यांस सारे जग बॉबी या लाडक्या नावाने ओळखीत असे, त्यांचे चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

तल्यारखान यांचा जन्म १८९७ साली पारशी समाजात झाला. या समाजाचा व मैदानी खेळांचा संबंध फार जुना आहे. मुंबईत १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन करून क्रिकेट हा खेळ एतद्देशीयांत प्रथम रुजविला तो पारशांनीच. १८८६ व १८८८ या साली त्यांचे संघ इंग्लंडला जाऊन आले. १८९० साली व्हर्नन यांच्या इंग्रज संघास मुंबईत त्यांनी हार खावयास लाविली, तेव्हा साऱ्या शहरात मोठा आनंद झाला. तल्यारखान लहान असताना पारशी व युरोपियन यांच्या सामन्यांत १९०७ साली हिंदूंचा संघ आला, आणि १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन चौरंगी सामने सुरू झाले. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या अंगी खेळाची आवड भिनली तर त्यात नवल काय? परंतु त्यांचे नाव झाले ते बॅटीने नव्हे व चेंडूनेही नव्हे. ते झाले जिव्हेने.

येथे रेडिओच्या जन्माची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण तिच्यावाचून तल्यारखान यांच्या कार्याचे मोल ध्यानी येणार नाही. इंग्लंडात १९२७ सालच्या जानेवारीत बी.बी.सी. या संस्थेने खेळाचे धावते वर्णन प्रथमच सुरू केले. १५ जानेवारीस रग्बीचा व २२ जानेवारीस आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड हा फुटबॉलचा सामना ध्वनिक्षेपित झाला. दोन्ही वेळां वर्णन करणारे गृहस्थ वेकलम नावाचे होते. त्यांस या कामाचा काहीच अनुभव नव्हता, कारण तो कोणासच नव्हता. तेव्हा कार्यक्रमाच्या चालकांनी एक युक्ती केली. पहिल्या सामन्याच्या वेळी त्यांनी एक अंध मनुष्य आणून वेकलम यांच्यासमोर बसविला व खेळ त्यास समजावून सांगावा अशी सूचना केली. यंत्राकडे पाहून बोलताना मनुष्य गोंधळतो. परंतु समोर डोळे नसलेला बंधू बसला म्हणजे काय सांगावे व काय वगळावे हे आपोआप कळते. धावत्या वर्णनाचे सारे शास्त्र या एका युक्तीत सामावलेले आहे, असे आम्हांस वाटते.

त्यांनी आणखी एक योजना केली होती. मैदानाचा नकाशा आठ चौकोनांत विभागून तो नियतकालिकात छापिला व प्रत्येक चौकोनास एक अंक दिला. वेकलम खेळाचे वर्णन करीत असता शेजारी बसलेला दुसरा मनुष्य चेंडू कोणत्या चौकोनात आहे तो अंक उच्चारीत असे. घरी बसलेला श्रोता नकाशावर बोट ठेवून चेंडूच्या मागे धावत असे. यावरून एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. फुटबॉलच्या वर्णनात पहिल्या दिवसापासून दोन आवाज होते. एक घटना सांगत होता. दुसरा ती घटना कोठे घडत आहे ते सांगत होता. या गोष्टीचा उपयोग आम्हांस पुढे होईल.

त्याच १९२७ सालच्या २३ जुलैस मुंबईचे रेडिओ केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उघडले. ते चालविणारी खाजगी कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली व १९३० साली सरकारने तो व्यवहार आपल्या हाती घेतला. १९३६ साली त्या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. मुंबईच्या मैदानावरील चौरंगी सामने राजकीय चळवळीमुळे काही वर्षे बंद पडले होते. ते १९३४ साली पुन्हा सुरू झाले. त्याच साली पारशी विरुद्ध मुसलमान या सामन्याचे वर्णन करण्यासाठी तल्यारखान ध्वनिक्षेपकासमोर बसले. त्यांचे वय तेव्हा सदतीस वर्षांचे होते. हिंदुस्थानातील खेळाच्या धावत्या वर्णनाचा आरंभ या प्रसंगापासून मानितात.

त्यांचा आवाज भरदार व खोल होता. त्यात घाई नसे, तसेच कंटाळाही नसे. सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे ते एकटेच बोलत. उपाहाराची व चहाची सुट्टी सोडली तर सकाळपासून सायंकाळपर्यंत साऱ्या दिवसाचे वर्णन त्यांच्या एकट्याच्या मुखातून चाले. ज्याने वर्गात सलग दोन तास शिकविले आहे त्यास या परिश्रमाची कल्पना येईल. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये पुष्कळ वेळ रिकामा जातो. तो वेळ भरून काढावयाचा, श्रोत्याचे मन धरून ठेवावयाचे, पण वायफळ बोलावयाचे नाही, ही मोठी कठीण विद्या आहे. तल्यारखान यांस ती साधली होती. त्यांची मते ठाम असत व ती सांगण्यास ते भीत नसत. खेळाडूची निवड चुकली असे वाटले तर तेही ते स्पष्टपणे बोलून दाखवीत.

त्या काळी रेडिओ ही श्रीमंतांच्या घरची वस्तू होती. ज्या थोड्या घरांत, दुकानांत वा इराण्याच्या हॉटेलात तो असे, तेथे सामन्याच्या दिवशी रस्त्यापर्यंत माणसे उभी राहत. ज्यांस तिकीट परवडत नव्हते, ज्यांस कामावरून सुटी नव्हती, जे दूरगावी होते, जे अंथरुणास खिळलेले होते, त्या सर्वांस मैदानात जागा मिळाली ती या एका आवाजामुळे. वर्णन इंग्रजीत असल्याने पुष्कळांस त्यातील प्रत्येक शब्द कळत नसे. परंतु आवाज चढला की काही विशेष घडले एवढे सर्वांस कळे, आणि ज्यास इंग्रजी येई तो इतरांस अर्थ सांगे.

फुटबॉल खेळणाऱ्या आमच्या मुलांनी येथे क्रिकेटचे व फुटबॉलचे वर्णन यांतील भेद ध्यानात घ्यावा. क्रिकेटचे वर्णन करणारा मनुष्य विचार करून वाक्य जुळवू शकतो. फुटबॉलमध्ये त्यास तशी उसंत नाही. चेंडू एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जाईपर्यंत वाक्य संपले पाहिजे. बावीस खेळाडूंस त्यांच्या चालीवरून व अंगकाठीवरून ओळखिता आले पाहिजे, कारण पाठीवरील अंक प्रत्येक वेळी दिसतोच असे नाही. गोल झाला तर कोणी केला, कोणाच्या साहाय्याने केला, व आता गुण किती झाले, हे एका श्वासात सांगावे लागते. नुकताच येऊन बसलेला श्रोता गुणसंख्या ऐकण्यास आतुर असतो, म्हणून ती पुनःपुन्हा सांगावी लागते. खेळ निराळे असले तरी अंध बंधूस समोर बसविण्याचे तत्त्व दोहोंस सारखेच लागू आहे. तल्यारखान यांचे नाव क्रिकेटशी जोडले गेले, तथापि हॉकी व फुटबॉल या खेळांवरही त्यांचे प्रेम होते व त्यांविषयी ते आस्थेने लिहीत.

१९३७ साली चौरंगी सामन्यांत पाचवा संघ आला व ते पंचरंगी झाले. या पाचव्या संघास शेष संघ म्हणत. ख्रिस्ती व इतर ज्या समाजांस स्वतःचा संघ नव्हता त्यांचे खेळाडू त्यात असत. आमच्या वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट या संघाच्या नावे लिहिलेली आहे. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने पाच गडी बाद ५८१ धावा करून डाव सोडून दिला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. शेष संघ पहिल्या डावात १३३ धावांत बाद झाला. दुसऱ्या डावात सांगलीचे ख्रिस्ती खेळाडू विजय हजारे यांनी ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढिल्या. सामना गेला, एक डाव व ६१ धावांनी गेला. तरी पराभूत संघातील त्या वीराचे नाव घरोघरी झाले. मैदानात जितकी माणसे मावतात त्यांच्या कित्येक पटींनी अधिक माणसांस अशा पराक्रमाची गोडी लागली ती रेडिओमुळे होय.

परंतु या सामन्यांची दुसरी बाजूही होती. संघ धर्मावरून केलेले असत. लोकप्रियता जसजशी वाढली तसतशी जाणत्या माणसांस चिंता वाटू लागली की, खेळातील ही विभागणी मनांतही उतरेल. १९४० सालच्या डिसेंबरात महात्मा गांधींनी या सामन्यांविरुद्ध आपले मत दिले. वृत्तपत्रांत मोठा वाद माजला. तल्यारखान यांची स्थिती येथे अवघड होती. या सामन्यांनी त्यांस कीर्ती दिली होती आणि त्यांच्या आवाजाने सामन्यांस लोकप्रियता दिली होती. असे असता त्यांनी धर्मवार क्रिकेटच्या विरुद्ध पक्ष घेतला व त्यासाठी आपली लेखणी चालविली. ज्या फांदीवर आपण बसलो आहो ती सडकी आहे असे दिसल्यावर तसे उघड सांगण्यास धैर्य लागते. हे सामने १९४६ साली कायमचे बंद झाले. समालोचक हा नुसता पोपट नव्हे, जे त्यास दिसते व पटते त्याविषयी तो जबाबदार असतो, ही गोष्ट त्यांच्या या वर्तनावरून सिद्ध होते.

आता त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे वळू. १९४८ साली, देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानात आला. ऑल इंडिया रेडिओने ठरविले की, यापुढे सामन्याचे वर्णन एकाने न करता तिघांच्या मंडळाने पाळीपाळीने करावे. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ही योजना वावगी नव्हती. एक मनुष्य दिवसभर बोलला तर थकतो. त्याची मते हीच श्रोत्याची मते होऊन बसतात. आणि नव्या माणसांस शिकण्याची संधीच मिळत नाही. परंतु तल्यारखान यांस ती मान्य झाली नाही. सामना ही एक अखंड कथा आहे, ती एकाच तोंडाने सांगितली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. ध्वनिक्षेपक कोणाबरोबर वाटून घेण्यापेक्षा तो सोडून देणे त्यांनी पत्करिले. चौदा वर्षे ज्या आसनावर त्यांचे निर्विवाद राज्य होते त्यावरून ते आपण होऊन उठले. तेव्हा त्यांचे वय एक्कावन्न वर्षांचे होते.

या त्यागाची किंमत किती होती हे पुढील काही आठवड्यांतच दिसून आले. त्याच मालिकेतील पाचवा कसोटी सामना १९४९ सालच्या फेब्रुवारीत मुंबईस ब्रेबर्न स्टेडियमवर झाला. शेवटच्या डावात हिंदुस्थानास ३६१ धावा हव्या होत्या. तोपर्यंत आपण एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. हजारे यांनी १२२ धावा काढिल्या. विजय अगदी हाताशी आला. आणि आठ गडी बाद ३५५ धावांवर खेळ संपला. केवळ सहा धावा उरल्या. मुंबईच्या मैदानावरील इतका रोमांचकारी दिवस क्वचितच उगवला असेल. आणि त्या दिवशी मुंबईचा तो परिचित आवाज समालोचकाच्या आसनावर नव्हता.

त्यांचे वर्तन योग्य होते की अयोग्य? आमच्या मते या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. आपल्या कलेविषयी त्यांची श्रद्धा खरी होती. पैशासाठी वा मानासाठी तडजोड करणाऱ्यांपैकी ते नव्हते. याबद्दल त्यांचा आदरच केला पाहिजे. परंतु फुटबॉलच्या पहिल्या ध्वनिक्षेपणातील ती चौकोनांची योजना येथे आठवावी. एकास जे दिसते ते दुसऱ्यास दिसत नाही. जो चेंडूच्या मागे डोळे लावून बसला आहे त्यास मैदानाचा नकाशा त्याच क्षणी सांगता येत नाही. दुसऱ्याच्या आवाजास जागा दिल्याने आपला आवाज लहान होत नाही. श्रोत्यास मात्र अधिक दिसते. तल्यारखान यांनी तिघांतील एक होणे पत्करिले असते तर त्यांच्यापासून दोन नवे समालोचक शिकते व देशाचा दुहेरी लाभ होता, असे आम्हांस वाटल्यावाचून राहत नाही. गुणी मनुष्याचा मानीपणा त्याची शोभाही असतो आणि कधी कधी त्याच्या गुणांपुढील कुंपणही होतो.

रेडिओवर ते पुढे फार क्वचित आले. परंतु त्यांची वाणी बंद झाली तरी लेखणी चालूच राहिली. ब्लिट्झ या साप्ताहिकात व पुढे मिड-डे या सायंदैनिकात त्यांनी खेळांवर सदरे लिहिली. स्टीव्ह नावाच्या एका काल्पनिक मित्रास आपले म्हणणे समजले ना, असे विचारून लेख संपविण्याची त्यांची लकब वाचकांच्या ओळखीची झाली होती. येथेही तेच तत्त्व दिसते. वेकलम यांच्यासमोर अंध बंधू बसला होता; तल्यारखान यांच्या कल्पनेत स्टीव्ह बसला होता. समोर कोणी तरी ऐकत आहे व त्यास समजले पाहिजे, ही जाणीव त्यांनी वार्धक्यापर्यंत सोडिली नाही. नव्वदी ओलांडल्यावर १९९० सालच्या जुलैत त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. तल्यारखान यांच्या काळी श्रोत्यास काहीच दिसत नव्हते. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि १९८६ साली मेक्सिकोतील जागतिक फुटबॉल स्पर्धेचे सामने आपल्या देशातील लोकांनी रात्री जागून पाहिले. २०१४ पासून काही वर्षे आपल्या जवळच्या बालेवाडीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचे सामने झाले. तेही घरोघरी दिसले. चित्र आले, तेव्हा आवाजाचे काम संपले काय? नाही, ते बदलले. जे दिसते आहे ते पुन्हा सांगण्याची गरज उरली नाही. जे दिसत नाही ते सांगण्याची गरज मात्र वाढली. चित्र चेंडूच्या मागे जाते. मैदानाच्या दुसऱ्या टोकास बचाव करणारा लंगडत आहे, प्रशिक्षकाने खूण करून डावपेच बदलला आहे, कडेला एक राखीव खेळाडू अंग मोकळे करीत आहे, या गोष्टी चौकटीच्या बाहेर घडतात. म्हणूनच मैदानाच्या कडेला बातमीदार उभा करण्याची प्रथा पडली. अमेरिकेत त्यांच्या निराळ्या प्रकारच्या फुटबॉलच्या सामन्यांत १९७४ साली ए.बी.सी. या कंपनीने असे तरुण बातमीदार नेमिले. पुढे ही पद्धत इतरत्र पसरली.

या कामातील मोह व संकटे दोन्ही मोठी आहेत. भविष्य वर्तविण्याचा मोह एका समालोचकास कसा भोवला ते मुलांस ऐकून गंमत वाटेल. १९३८ साली इंग्लंडातील चषकाच्या अंतिम सामन्यात प्रेस्टन व हडर्सफील्ड यांची बरोबरी होती आणि वाढवून दिलेला वेळही संपत आला होता. वुडरूफ नावाच्या समालोचकांनी आता गोल झाला तर आपण आपली टोपी खाऊ असे बोलून टाकिले. लगेच प्रेस्टनला पेनल्टी मिळाली, गोल झाला व सामना संपला. त्या सद्गृहस्थांनी पुढे टोपीच्या आकाराचा खाद्यपदार्थ खाऊन आपला शब्द पाळिला, असे सांगतात.

संकटाचे उदाहरण मात्र गंभीर आहे. २०२१ सालच्या १२ जूनला कोपनहेगन येथे डेन्मार्क व फिनलंड यांचा सामना चालू असता डेन्मार्कचा एरिक्सन हा खेळाडू कोणाचा धक्का न लागता एकाएकी कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. वैद्यांनी मैदानावरच उपचार सुरू केले आणि त्याच्या सोबत्यांनी त्याच्याभोवती कडे करून त्यास लोकांच्या नजरेपासून झाकिले. पडद्यावर चित्र होते. परंतु तो जिवंत आहे की नाही हे चित्र सांगत नव्हते. अशा वेळी घरोघरी बसलेल्या लक्षावधी माणसांस, त्यांत लहान मुले असतात, धीराच्या व खऱ्या शब्दांची गरज असते. जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे, ठाऊक नाही तेथे तर्क करू नये, आणि योग्य वेळी गप्प बसावे. समालोचकाची खरी परीक्षा या तीन गोष्टींत होते. एरिक्सन शुद्धीवर आल्याची वार्ता आली तेव्हा साऱ्या जगाने सुटकेचा श्वास टाकिला. ती वार्ता घटनास्थळाजवळ उभ्या असलेल्या कोणा तरी सावध मनुष्यावाचून कशी मिळाली असती?

आणखी एका पुणेकराचे स्मरण येथे केले पाहिजे. तल्यारखान यांची विद्या इंग्रजीत होती. ती मराठीत आणण्याचे श्रेय ज्यांस जाते त्यांत कै. बाळ ज. पंडित हे प्रमुख होत. ते स्वतः महाराष्ट्राच्या संघातून खेळले होते. रेडिओवर मराठीतून क्रिकेटचे वर्णन करिताना त्यांनी खेळातील शब्दांस सोपे मराठी प्रतिशब्द रूढ केले, आणि शेतात, गिरणीत व स्वयंपाकघरात ऐकणाऱ्या माणसांस खेळ आपल्या भाषेत कळू लागला. ते २०१५ साली वारले. इराण्याच्या हॉटेलात ज्यास शेजाऱ्याकडून अर्थ विचारावा लागे, त्याच्या नातवास तो थेट मिळाला, ही केवढी प्रगती!

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तुमच्यापैकी सर्वच जण संघात निवडले जाणार नाहीत. अकरा खेळतील व शेकडो कडेला उभे राहतील. कडेला उभे राहणे हे कमीपणाचे काम आहे असे समजू नका. जो नीट पाहतो, पाहिलेले खरेपणाने सांगतो व ज्यास दिसत नाही त्याची आठवण ठेवितो, तोही खेळाची सेवा करितो. आम्ही एक लहानसा अभ्यास सुचवितो. शाळेचा पुढील सामना होईल तेव्हा आजारी असल्यामुळे घरी राहिलेल्या सोबत्याकडे सायंकाळी जा आणि त्यास तो सामना असा सांगा की, त्याच्या डोळ्यांसमोर चेंडू धावू लागेल. आपल्या संघाची चूक झाली असेल तर तीही लपवू नका, व प्रतिपक्षाच्या चांगल्या खेळाची स्तुती करावयास विसरू नका. दुसरा मित्र बरोबर असेल तर त्यासही बोलू द्या, कारण तुमच्या नजरेतून निसटलेले त्याने टिपिले असेल.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मूल पडद्यासमोर बसून सामना पाहत असता तो वेळ सर्वस्वी व्यर्थ गेला असे मानू नये. सामना संपल्यावर त्याच्याजवळ बसून काय झाले ते त्यास आपल्या भाषेत सांगावयास लावावे. क्रम चुकला तर विचारावे, अतिशयोक्ती झाली तर हसून थांबवावे. अशाने निबंधाच्या तासाला न येणारी भाषा घरी येईल, आणि डोळ्यांनी पाहिलेले जिव्हेवर आणण्याची सवय लागेल. तल्यारखान यांनी चौदा वर्षे हेच एक काम एकट्याने केले. ते काम आम्ही अनेकांनी मिळून, एकमेकांस बोलावयास जागा देऊन केले, तर त्यांच्या गुणांचा वारसा आम्ही घेतला व त्यांच्या हातून राहिलेले तेवढे पुरे केले, असे होईल.